वीतभर काठ आणि चार फूट अकरा इंच

माझी उंची चार फूट अकरा इंच. पाच फूट मी फक्त एकाच ठिकाणी आहे, माझ्या लग्नासाठी वडिलांनी लिहिलेल्या माहितीच्या कागदावर. 'उंची पाच फूट, बांधा मध्यम.' एका ओळीत दोन थापा. वडील अंबडच्या एका कारखान्यात तयार मालाची मापं तपासायचे. केसाएवढा फरक पडला तरी अख्खा माल परत पाठवणारा हा माणूस. पोरीच्या उंचीत मात्र एक इंच बिनदिक्कत घुसडून मोकळा झाला. बांध्यात किती फरक केला ते मी सांगणार नाही.

त्या कागदाच्या भरवशावर सिडकोतल्या आमच्या घरी सहा स्थळं येऊन गेली. मी दारातून आत आले की मुलाच्या आईची नजर माझ्या डोक्यापासून पायापर्यंत जायची, आणि तिला फार लांब जावं लागायचं नाही. मग "कळवतो" म्हणायचे आणि कळवायचे नाहीत. मी तेव्हा एका शाळेच्या कचेरीत कारकून होते, दिवसभर पालकांशी भांडून माझं तोंड चांगलं तयार झालं होतं. पण ह्या पाहण्याच्या कार्यक्रमांत मला तोंड उघडायची परवानगी नसायची.

माझ्या दिसण्याचा भार मावशीनं उचलला होता. ती बायकांची मासिकं वाचायची. त्यातल्या एकात 'आपला बांधा ओळखा आणि साडी निवडा' असा लेख आला, तो कापून तिनं आमच्या फ्रिजला चिकटवला. बाईचं शरीर सफरचंदासारखं, नाशपातीसारखं किंवा डमरूसारखं असतं, असं त्यात होतं. चित्रंसुद्धा होती. मावशीनं मला भिंतीशी उभं करून समोरून पाहिलं, बाजूनं पाहिलं, लेख पुन्हा वाचला आणि म्हणाली, "तू यातली कुठलीच नाहीस गं."

"मग काय आहे मी?"

"बटाटा," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. माझी आई काडीसारखी बारीक, तिला असलं बोलायला काय जातंय.

गमतीचा भाग सोडला तर त्या लेखातली एक गोष्ट मला पटली होती, कारण ती मी सोसली होती. बुटक्या आणि भरल्या अंगाच्या बाईनं रुंद काठ नेसू नये. माझ्या ताईच्या लग्नात मी करवली. आईनं हौसेनं तिची ठेवणीतली साडी दिली, वीतभर काठाची. पंगतीत जिलबी वाढायला मी ताट घेऊन निघाले तर ताईच्या सासरचा एक जण शेजारच्याला म्हणाला, "अरे, काठ चालत आलाय. पोरगी कुठंय?" सगळी पंगत हसली. मीही हसले, त्याच्या पानात दोन जिलब्या जास्त टाकल्या, आणि मग कोठीच्या खोलीत साखरेच्या पोत्यावर बसून रडले. तेव्हाच ठरवलं की माझ्या लग्नात मी बारीक काठ नेसेन. बाकी काही मागणार नाही. दागिने नकोत, बँड नको, बारीक काठ हवा.

सातवं स्थळ पिंपळगाव बसवंतचं आलं. द्राक्षबागाईतदार, मोठं घर. मुलगा शाळेत भाच्याचा दाखला न्यायला आला होता आणि माझ्याशी अर्धा तास भांडून गेला होता. तोच आठ दिवसांनी आईवडिलांना घेऊन आमच्या घरी आला. त्याला मी पसंत होते, उंचीसकट. पण त्याच्या आईचं काही कळेना. ह्या बाई साडेपाच फुटांच्या वर, खांदे जरा पुढं आलेले, बोलणं मोजकं. त्यांनी मला पाहिलं, "हं" म्हणाल्या. साखरपुड्यात पेढा भरवला, तेव्हाही "हं" म्हणाल्या. सासरे बरोबर उलटे. गोल, हसरे, टोपीसकट माझ्याएवढे, आणि पहिल्या भेटीपासून मला "पोरी" म्हणणारे. आमच्याकडे सासूला आत्या आणि सासऱ्यांना मामा म्हणतात. मामा म्हणायला मला पाच मिनिटं लागली, आत्या म्हणायला पाच महिने लागतील असं वाटलं होतं.

सत्त्याण्णव साल होतं. द्राक्षं उतरल्याशिवाय त्या भागात लग्न नाही, म्हणून मेची तारीख धरली आणि एप्रिलात बस्ता निघाला. बस्ता म्हणजे दोन्ही घरांनी मिळून लग्नाचे कपडे काढायला जायचं. नवरीचा शालू मुलाकडच्यांनी घ्यायचा आणि त्यांच्या घराण्यात शालू म्हणजे पैठणी, तीही येवल्याचीच. एका जीपमध्ये आम्ही चौदा जण. नवरदेव नव्हते, शेवटच्या तोडणीचा माल भरायचा होता. निघायच्या आधी वडिलांनी मला गॅलरीत बाजूला घेतलं.

"हे बघ. बस्त्यात मोडलेली लग्नं मी दोन पाहिलीत. एक ब्लाऊजपीसवरून मोडलं. त्यांनी काय दाखवलं त्याला छान म्हणायचं. हे सातवं आहे."

"मोजलंय मी पण."

"हे असं बोलायचं नाही. तोंडाला कुलूप."

मी मान हलवली. मनातल्या मनात मात्र म्हटलं, बारीक काठ.

येवल्याच्या त्या दुकानात पांढऱ्याशुभ्र गाद्या घातल्या होत्या. आम्ही बायका भिंतीला टेकून बसलो. वडील जीपवाल्याशी बोलायला बाहेर थांबले, त्यांना बहुतेक माझ्या तोंडाची खात्री नव्हती. मामा दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत उसाचा रस घेऊन बसले. समोर सेल्समन. पन्नाशीचा, शिडशिडीत, माझ्या दीडपट उंच, झुपकेदार मिशा. सासूबाई त्याला म्हणाल्या, "रुंद काठ दाखवा. वीतभर तरी पाहिजे."

मी मनातल्या मनात पुन्हा म्हटलं, बारीक काठ.

सेल्समननं राणी रंगाची एक पैठणी उलगडली, मग उठून उभा राहिला आणि ती स्वतःलाच नेसली. पँटच्या पट्ट्यात खोचली, चार सेकंदांत निऱ्या घातल्या, पदर खांद्यावर टाकला आणि कमरेत जरासा झुकून उभा राहिला. देवाशपथ सांगते, तसली निरी माझ्या आईला आजवर जमलेली नाही. मिशा सोडल्या तर मेला अप्सरा दिसत होता. वीतभर काठ त्याच्या पोटऱ्यांवरून असा काही खाली उतरला होता की जीपमधून आलेल्या सगळ्या बायकांनी एकदम "अगं बाई" केलं.

"काय सुंदर दिसतीये," माझी आई म्हणाली.

"कोण?" मी विचारलं. तिनं चिमटा काढला.

ह्या वेळी सासूबाईंचं "हं" आलं नाही. "हीच."

मी म्हटलं, "आत्या, मी एकदा अंगावर धरून बघू?"

सगळ्यांचे चेहरे पडले. सासूबाईंच्या जाऊबाईंनी समजावलं, "आमच्यात हळद लागल्याबिगर नवरीनं शालू अंगाला लावायचा नसतो. नाय चालत."

म्हणजे साडी माझी, लग्न माझं आणि अंदाज घ्यायचा ह्या मिशावाल्यावर. तो तिकडं दुसरा खांदा पुढं करून पदरावरचे मोर दाखवत होता आणि बायका माना डोलवत होत्या. माझ्या डोळ्यांपुढं ती पंगत आली. कुलूप किती वेळ टिकायचं?

"आत्या," मी म्हणाले, "हे पावणेसहा फूट आहेत. ह्यांना गोणपाट नेसवलं तरी शोभेल. ही साडी माझ्या अंगावर आली तर मी दिसणारच नाही, नुसता काठ दिसेल."

आईनं डोळे मिटून घेतले. सासूबाई माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "आमच्या घरात सून बारीक काठात उभी राहणार नाय."

त्यांचा आवाज चढला नव्हता, पण आता पुढं बोललं तर संपलं, हे मला कळत होतं. बाहेर काचेतून वडील दिसत होते, जीपच्या टपावर हात टेकून उभे. सातवं स्थळ. मला खरंच भीती वाटली. मुलगा मला मनापासून आवडला होता, त्याच्याशी भांडण्यात मजा होती, आणि मी चार इंच जरीसाठी ते सगळं उधळायला निघाले होते.

सेल्समन मुरलेला माणूस. त्यानं मध्येच सुचवलं, "ताई, नवरीबाईंच्या अंगाबांध्याचं दुसरं कोणी असलं तर त्यांना नेसवून दाखवतो. म्हणजे दोन्ही बाजूंचं समाधान."

सगळ्यांनी एकमेकींकडं पाहिलं. त्यांच्याकडच्या बायका सगळ्या उंचपुऱ्या. माझी आई काडी. मावशी जाड खरी, पण उंचीनं दाराला लागणारी. नजरा फिरत फिरत माझ्याकडं आल्या आणि माझी नजर दाराकडं गेली. तिथं मामा उसाच्या रसातलं लिंबाचं बी काढत होते. मी जरा जास्तच वेळ पाहिलं असणार, कारण त्यांनी वर बघून विचारलं, "काय गं पोरी?"

"मामा, तुमची उंची किती?"

"असंल तुझ्याएवढी. का?"

आता मागं फिरणं शक्य नव्हतं. "तुम्ही नेसाल का?"

आई पुटपुटली, "मेलं लग्न." जाऊबाईंनी तोंडाला पदर लावला. मामांनी ग्लास खाली ठेवला, माझ्याकडं पाहिलं, मग बायकोकडं पाहिलं आणि उठले. गादीवर येऊन उभे राहिले आणि सेल्समनला म्हणाले, "टोपी ठेवू का काढू?"

"ठेवा मामा. पदर टोपीवरून घेऊ."

आधी ती राणी रंगाची, वीतभर काठाची नेसवली. खालचा काठ गुडघ्यांपर्यंत चढला, पदराचा काठ छातीवरून पोटावर आला, आणि दोन्हींच्या मध्ये राणी रंगाची एक बारकी पट्टी उरली, ती पण पोटावर ताणलेली. बायकांची हसून हसून मुरकुंडी वळली. मी नाही हसले. मी त्या पंगतीत कशी दिसले होते ते मला पहिल्यांदाच दिसत होतं. मामांनी आरशात पाहिलं, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, आणि कांद्याच्या लिलावात निकाल द्यावा तसे म्हणाले, "हे बारदान दिसतंय."

मग सेल्समननं आपणहून एक वांगी रंगाची काढली. चार बोटं काठ. ती नेसवताना तो माझ्याशीच बोलत होता, त्याला गिऱ्हाईक कोण ते कळलं होतं. निऱ्या बारीक घालायच्या म्हणजे कंबर भरत नाही. साडीच्या अंगात एकच गडद रंग ठेवायचा. पदर फुलवून सोडायचा नाही, चुण्या घालून खांद्यावर पक्का करायचा, म्हणजे काठाची एक सरळ रेघ खांद्यापासून पायापर्यंत उतरते आणि बघणाऱ्याची नजर तिच्याबरोबर खाली जाते. ब्लाऊजच्या बाहीला काठ लावायचा नाही, नाहीतर दंड दुप्पट दिसतात. फ्रिजवरच्या लेखात एवढं काही नव्हतं. बोलता बोलता त्यानं मामांना आमच्याकडं वळवलं, आणि मामा खरोखर दोन इंच उंच दिसत होते. पोट होतं तिथंच होतं, पण आता ते कुणी मुद्दाम शोधलं तर सापडलं असतं.

"बघ की," जाऊबाई म्हणाल्या. "भावजी नवरी दिसायला लागले."

मामा लाजले. पण सासूबाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नव्हती. त्या त्या बारीक काठाकडं असं बघत होत्या की जणू त्यानं त्यांचं काहीतरी वाईट केलं होतं.

"बारीक काठ नको," त्या म्हणाल्या. "एकदा झाला तेवढा पुरे."

घराण्याचा मोठेपणा मिरवायला ह्यांना रुंद काठ हवाय, असं मी धरून चालले होते. उत्तरसुद्धा जिभेवर तयार होतं. पण त्या 'एकदा झाला'नं मी अडखळले. "तुम्ही काय नेसला होता, आत्या?" मी विचारलं.

त्या पहिल्यांदा माझ्याकडं वळल्या. "असलीच. चार बोटांची. ह्यांच्या चुलत्यानं आणली, मला न बघता. पन्हा आखूड, साडीला रुंदीच नाय. नेसले तर घोट्याच्या वर चार बोटं. बाया म्हणायला लागल्या, नवरी चिखलातनं चाललीय का. मग मी गुडघ्यात वाकून चालले, दिवसभर. मांडवात, देवाला, पंगतीत. वाकलं की साडी खाली येती."

बस्त्याला आलेल्या बायका आता हसत नव्हत्या.

"आणि फोटोवाला आला तर म्हणाला, नवरी नवरदेवाच्या वर जाती, हिला खुर्चीत बसवा. उभ्यानं एक फोटो नाय माझा. एक पण नाय."

तो फोटो मी साखरपुड्याला त्यांच्या ओसरीवर पाहिला होता. बाई खुर्चीत, मामा शेजारी उभे, खुर्चीच्या पाठीवर हात. काय रुबाब आहे, असं मला वाटलं होतं.

वांगी पैठणीतले मामा हळूच म्हणाले, "मला वाटलं, तुला मान म्हणून बसवलंय."

"मला कोणी विचारलं?"

मला भयंकर लाज वाटली. तीस वर्षं ह्या बाईच्या डोक्यात एक आखूड साडी अडकून होती आणि ती वेळ सुनेवर येऊ नये म्हणून ती रुंद काठ मागत होती. मी म्हणाले, "आत्या, मला चालेल रुंद काठ. घ्या तीच." आणि हे मी वडिलांना घाबरून नव्हे, खरंच म्हणाले.

सासूबाईंनी आधी मला पाहिलं, मग मामांना पाहिलं, आणि त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. "नको. बारदान दिसशील." मग सेल्समनला म्हणाल्या, "वांगी बांधा. हिचं हिनं सांगितलं, बरं झालं. मी तोंड मिटून बसले होते."

आईनं इतका मोठा श्वास सोडला की मावशीनं तिला पाणी दिलं. मला वाटलं झालं, सुटलो. पण मामा साडी सोडायला तयार होईनात. त्यांनी ती राणी रंगाची घडी वाकून उचलली, पोटामुळं त्यांना ते जड गेलं, आणि बायकोपुढं धरली.

"ही हिला नेसवा."

"मला? ह्या वयात? येड लागलं का?"

"नेसवा," मामा म्हणाले. ते कधी हुकूम सोडत नसावेत, कारण जाऊबाई चमकून बघायला लागल्या. सेल्समननं पन्हा पसरून दाखवला. ही मुद्दाम जास्त पन्ह्याची विणलीय, उंच बायकांसाठीच, असं तो सांगत होता. सासूबाई मात्र हात मागं घेत होत्या. शेवटी माझी आई उठली. सकाळपासून मला चिमटे काढणारी माझी आई. तिनं विहीणबाईंना हाताला धरून उभं केलं, त्यांच्या नेसत्या साडीवरूनच ती पैठणी गुंडाळली, आपल्या त्या वाकड्यातिकड्या निऱ्या घातल्या, पदर खांद्यावर टाकला आणि दोन पावलं मागं सरकून पाहिलं.

"विहीणबाई," आई म्हणाली, "गुडघे सरळ करा."

आम्हाला कोणालाच दिसलं नव्हतं ते आईला दिसलं. सासूबाई साडीच्या आत वाकून उभ्या होत्या. त्या घाईघाईनं म्हणाल्या, "नको. सरळ केले की वर जाईल."

"नाही जाणार. करा तुम्ही."

त्यांनी सरळ केले. आधी गुडघे, मग पाठ, मग ते कायमचे पुढं आलेले खांदे. मग भीत भीत खाली पाहिलं. काठ गादीवर टेकलेला होता, आणखी दोन बोटं लोळतही होता. सासूबाई आपल्या पायांकडं बघतच राहिल्या. माझे डोळे भरून आले आणि मला मेलीला नाक पुसायला जवळ काही नव्हतं, समोर पडल्या होत्या त्या सगळ्या पैठण्या.

मामा त्यांच्या शेजारी उभे होते, वांगी पैठणीत, टोपीवरून पदर घेतलेले, बायकोच्या खांद्याला लागणारे. त्यांनी मान मागं टाकून वर पाहिलं.

"केवढी उंच आहेस गं तू," ते म्हणाले, आणि घसरलेला पदर त्यांनी पुन्हा खांद्यावर घेतला.